मन मोकळं करणं वेगळं, सपोर्टिव्ह थेरपी वेगळी

"बोलायला मी आहे ना, मग पैसे मोजून परक्याशी कशाला बोलायचं?" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर लिहूनच ठेवते. थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. 'समुपदेशन' म्हटलं की आत उपदेश आलाच. मग लोकांना वाटतं, तिथे शहाणपणाचे चार शब्द ऐकवतात, ते तर आत्याही ऐकवते. म्हणून मी सरळ सपोर्टिव्ह थेरपी म्हणते, म्हणजे आधार देणारी, बोलण्यातून होणारी थेरपी.

मैत्रिणीकडे मन मोकळं करणं म्हणजे काय, हे सांगायला नको. वरवरचे फरकही उघड आहेत: थेरपीत वेळ ठरलेली, साधारण ४५-५० मिनिटं, थेरपिस्ट स्वतःचं रडगाणं लावत नाही, बोललेलं बाहेर जात नाही, जिवाला धोका असण्यासारखे अपवाद सोडून. "मित्र सल्ला देतो, थेरपिस्ट देत नाही" हा फरक मात्र साफ चुकीचा. सपोर्टिव्ह थेरपीत सल्ला, कौतुक, दिलासा सगळं असतं.

खरी गोम ही, की बोलणं शेवटी जातं कुठे.

समजा, साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं आणि सोमवारी पुन्हा मीटिंग आहे. मैत्रीण म्हणते, "अगं, तो आहेच तसला! मागच्या वेळी नाही का…" मग मागची वेळ, तिच्या मागची वेळ, त्याचं ते तोंड वाकडं करणं. तासाभराने हलकं वाटतं. रविवारी रात्री पुन्हा फोन, पुन्हा तेच. मानसशास्त्रात याला को-रुमिनेशन म्हणतात. म्हणजे दोघींनी मिळून केलेलं रवंथ. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीत हे तपासलं. जिथे असं रवंथ जास्त, तिथे मैत्री जास्त घट्ट होती आणि उदासी-चिंताही जास्त होती. ही दोन्ही एकत्र नांदतात, हेच लोकांच्या पचनी पडत नाही.

थेरपिस्टही आधी ऐकून घेतो, रागाला राग म्हणतो. पण मग विचारतो: सोमवारी पहिलं वाक्य काय बोलणार? आवाज कापला तर? म्हणून दाखवा बघू. कौतुकही "तू भारीच आहेस" असं घाऊक नसतं. "एवढं ऐकून घेऊनही रिपोर्ट वेळेवर दिलात" असं, घडलेल्या गोष्टीवर बोट ठेवून. दिलासा जेवढा माहितीवर टिकेल तेवढाच: "अशा ताणात झोप उडते, ती वेड लागण्याची खूण नव्हे." "सगळं ठीक होईल" हे वाक्य माझ्या मते थेरपिस्टच्या तोंडी शोभतच नाही. मैत्रीण ते म्हणते, कारण तुमचं रडणं तिला बघवत नाही. तिलाही त्यातून सुटायचं असतं, आणि त्यात वाईट काही नाही.

"एकदा सगळं बाहेर काढलं की संपलं" हा समज तर व्यावसायिकांनाही भोवलाय. अपघातानंतर लगेच, एकाच बैठकीत सगळं वदवून घ्यायची डीब्रीफिंग नावाची पद्धत होती. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात तिने पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर दीर्घकाळ छळणारा मानसिक त्रास, टळतो असं दिसलं नाही. एका चाचणीत तर वर्षभराने धोका वाढलेलाच निघाला.

अर्थात आधार देणाऱ्या थेरपीने सगळंच भागतं असंही नाही. ओसीडी, म्हणजे त्याच त्या शंका आणि कृतींच्या चक्रात अडकवणारा आजार, असलेला माणूस "दार लावलंय ना?" असं दहादा विचारतो. मैत्रीण असो की थेरपिस्ट, दर वेळी "हो, लावलंय" म्हणत राहिलं, तर ती शंकाच पोसली जाते. तिथे नुसती सपोर्टिव्ह थेरपी घेत बसू नका; एक्सपोजर आणि रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे शंकेला सामोरं जायचं पण पुन्हा पुन्हा खात्री करायची नाही अशी पद्धत, शिकलेला थेरपिस्ट गाठा.