ट्रेलरसाठी अँटेनाचा मास्ट: उंची विचारण्याआधी हे वाचा

राहत्या ट्रेलरशेजारी अँटेना उंच धरणारी सरकती काठी म्हणजे मास्ट. त्याच्या चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडे सगळ्यात उंच कोणता आहे?" त्यावर आम्ही उलट दोन गोष्टी विचारतो. वर काय चढवणार, आणि खाली कशावर उभा करणार? ही टाळाटाळ नव्हे. दुरुस्तीला परत येणाऱ्या मास्टचे बहुतेक वेळा वरचे एक-दोन टप्पे चिरलेले असतात. माल खराब नसतो, तो निव्वळ उंची पाहून घेतलेला असतो. यात तुमची सहल वाया जाते आणि आमचे दोन-तीन दिवस सुटे भाग जुळवण्यात जातात.

छापील उंची रिकाम्या काठीची असते

१० मीटरच्या सरकत्या फायबरग्लास मास्टचा शेवटचा टप्पा जेमतेम पेन्सिलीइतका जाड असतो. तो बारीक तारेचे एक टोक पेलतो. डायपोलचा (मधोमध केबल जोडलेल्या, दोन बाजूंच्या तारेच्या अँटेनाचा) मधला जोड, बलून (तार आणि केबल जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) आणि त्याला लोंबणारी केबल तो पेलणार नाही. आरजी-५८ या बारीक अँटेना केबलचे १० मीटरला ३५० ते ४०० ग्रॅम वजन होते, आरजी-२१३ ही जाड केबल घेतली तर दीड किलोच्या आसपास. म्हणून असा भार असेल तर वरचे दोन टप्पे काढून बाजूला ठेवा आणि मास्ट ७ ते ८ मीटरचाच आहे असे धरून चाला. ते दोन टप्पे फेकू नका, नुसत्या तारेच्या कामाला ते उपयोगी पडतात.

आता इतकी उंची खरोखर लागते का, ते पाहू. व्हीएचएफवर (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) रेडिओ क्षितिजाचे, म्हणजे सिग्नल थेट पोचण्याच्या हद्दीचे, अंतर किलोमीटरमध्ये साधारण ४.१ गुणिले उंचीचे वर्गमूळ इतके असते, उंची मीटरमध्ये. ३ मीटरला ७ किलोमीटर, ६ मीटरला १०, ९ मीटरला १२. म्हणजे पहिल्या तीन मीटरच्या वाढीत तीन किलोमीटर मिळाले, पुढच्या तीन मीटरमध्ये दोनच. त्या दोन किलोमीटरांसाठी तीन ताणदोऱ्या, खुंट्या आणि अर्धा तास जास्त लागतो. मोबाइल इंटरनेटच्या किंवा टीव्हीच्या अँटेनाला ट्रेलरचे छत आणि जवळची झुडपे ओलांडली की पुष्कळदा काम भागते. समोर दाट झाडी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्रत्येक मीटर मोलाचा.

एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ७ मेगाहर्ट्झचा अर्धतरंग डायपोल सुमारे २० मीटर तारेचा. त्याचा मध्य ८ मीटरवर आणि दोन्ही टोके अडीच मीटरवर बांधली तर तारेच्या उलट्या व्ही (Λ) आकाराच्या दोन बाजूंमध्ये ११० अंशांहून थोडा जास्त कोन राहतो. हे चांगले आहे, ९० अंशांखाली मात्र जाऊ नका. या उंचीवरून सिग्नल बराचसा वरच्या दिशेने जातो, त्यामुळे काहीशे किलोमीटरपर्यंतचे बोलणे उत्तम होते. एका सरळ रेषेत सुमारे १७ मीटर मोकळी जागा मात्र लागते. मुक्कामाच्या जागी ती मिळणार नसेल तर उंच मास्ट घेऊन उपयोग नाही, उभ्या अँटेनाचा विचार करा.

पाया कुठे घ्यायचा

ट्रेलरच्या मागच्या शिडीला बांधायचे क्लॅम्प आम्ही विकतो, पण एकूण ५ मीटरपर्यंतच्या मास्टसाठीच. यावर अनेकांची नाराजी असते, म्हणून हिशेब मांडतो. शिडीवरच्या दोन क्लॅम्पमध्ये अर्धा मीटर अंतर आहे आणि वरच्या क्लॅम्पपासून ४ मीटर उंचीवर वाऱ्याने फक्त ५ किलोचा जोर लावला असे समजा. खालच्या क्लॅम्पवर ४० किलोंचा आणि वरच्यावर ४५ किलोंचा ताण येतो. शिडी बसवलेली असते पातळ पत्र्यावर, मागे लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट, आणि मध्ये मोजके स्क्रू. मास्ट पडणार नाही कदाचित, पण स्क्रूभोवतीचे सीलंट सुटते आणि पुढच्या पावसात भिंत आतून भिजायला लागते. ती गळती दिसायला महिने जातात.

मागचा चौकोनी बंपरही फसवा आहे. कित्येक ट्रेलरवर तो पातळ पत्र्याचा असतो आणि दोनच जागी चेसीला वेल्ड केलेला असतो. त्यावर आधीच स्टेपनी टांगली असेल तर मास्टचा विषय सोडा. चेसीला पक्का बसवलेला हिचचा (ओढजोडाचा) चौकोनी सॉकेट असेल तर तो उत्तम पाया. मात्र सॉकेटचे आतले माप दोन इंच आहे की सव्वा इंच, ते टेप लावून पाहा. "नेहमीचाच आहे" एवढ्यावर आम्ही ऑर्डर पाठवत नाही.

चाकाखाली ठेवायची पोलादी पट्टी सगळ्यात कमी खटपटीची. ट्रेलरचे चाक पट्टीवर चढले की ट्रेलरचेच वजन मास्टचा तळ धरून ठेवते. यात एकच चूक पुन्हा पुन्हा होते: ट्रेलर लावून, लेव्हल करून, जॅक खाली सोडून झाल्यावर पट्टीची आठवण येते. मग सगळे उलटे करावे लागते. पट्टी आधी ठेवा, चाक चढवा आणि मगच लेव्हल बॉटल (पाणसळ) हातात घ्या. ओढणाऱ्या गाडीच्या चाकाखाली पट्टी ठेवली तर मुक्कामभर गाडी हलवता येणार नाही, हेही लक्षात असू द्या. पट्टी कोणत्या बाजूला घ्यायची ते ठरवताना ट्रेलरची सरकती खोली आणि ताडपत्रीचा छज्जा पूर्ण उघडून पाहा.

अर्धे ट्रेलरवर, अर्धे जमिनीवर नको

मास्ट ट्रेलरला घट्ट बांधायचा आणि ताणदोऱ्या जमिनीतल्या खुंट्यांना, ही मांडणी पुष्कळ जण करतात. वेळ खाणारी हीच. आत माणूस चालला की ट्रेलर आपल्या स्प्रिंगवर डोलतो, जॅक लावलेले असले तरी थोडा डोलतोच. प्रत्येक हेलकाव्यात एक दोरी ढिली पडते आणि समोरची तटते. दोन दिवसांत खुंट्या सैल होतात, टप्प्यांचे क्लॅम्प सरकतात, आणि "तुमचा मास्ट आपोआप खाली बसतो" अशी तक्रार आमच्याकडे येते. मास्ट एक तर पूर्णपणे ट्रेलरचा असावा, बुटका आणि ताणदोऱ्यांविना. नाहीतर पूर्णपणे जमिनीचा असावा, आणि तेव्हा ट्रेलरला त्याचा स्पर्शही नको. चाकाखालची पट्टी जमिनीच्या बाजूची मानायची, कारण ती स्प्रिंगच्या खाली असते.

६ मीटरच्या पुढे ताणदोऱ्या हव्यातच. तीन पुरतात, एकमेकींपासून १२० अंशांवर. दोऱ्यांची कडी उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर बसवा आणि खुंटी मास्टच्या तळापासून कडीच्या उंचीच्या निम्म्याहून जवळ ठोकू नका. कडी ६ मीटरवर असेल तर खुंट्या तळापासून ४ ते ६ मीटरवर. दोरी पॉलिस्टरची घ्या, नायलॉनची नको. नायलॉन भिजले की लांबते आणि सकाळी मास्ट ओळंब्यातून गेलेला दिसतो.

डांबरी किंवा काँक्रीटच्या जागेवर पाण्याचे २० लिटरचे कॅन बांधतात. एकेका कॅनवर भिस्त ठेवू नका. सरासरी ४० मिलिमीटर जाडीच्या ९ मीटर उंच नुसत्या काठीवर ताशी ५४ किलोमीटर वाऱ्याचा सुमारे ६ किलोंचा जोर येतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे २४ किलो. तिरकी दोरी कॅनला ओढते तशी वरही उचलते, म्हणून तो उचलला जाण्याच्या कितीतरी आधी घसरतो.

उभारताना सगळ्यात वरचा, बारीक टप्पा आधी बाहेर काढा आणि क्लॅम्प आवळा, मग त्याखालचा. असे केले की हाताचे काम छातीच्या उंचीवरच राहते. उतरवताना उलट: सगळ्यात खालचा क्लॅम्प आधी सोडा, पण वरची नळी हातात घट्ट धरून. सुटून धाडकन खाली आलेला टप्पा तळाची टोपी फोडतो आणि बोट मध्ये असेल तर बोटही.

पीळ देऊन आवळणाऱ्या सांध्यांत वाळू गेली की ते घसरतात. ओल्या फडक्याने पुसा, वाळवा. तेल कधीही लावू नका. दिशा साधून लावायची यागी (दांडीवर आडव्या कांड्यांची) किंवा पॅनेल अँटेना असेल तर पिळाचे सांधे टाळाच, वाऱ्याने काठी आतल्या आत फिरते. तिथे क्लॅम्पचा किंवा पिनचा अ‍ॅल्युमिनियम मास्ट द्यावा लागतो. उलट, काठीलगत तार उभी सोडायची असेल तर फायबरग्लास, कारण शेजारच्या धातूने अँटेनाचे ट्यूनिंग बिघडते. कार्बनची मासेमारीची काठी स्वस्तात मिळाली म्हणून आणणाऱ्यांसाठी: कार्बन वीजवाहक आहे.

उंची वाढली की केबलही वाढते. ४३५ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ चे १५ मीटर निम्म्याहून बरीच जास्त शक्ती गिळतात, मग उंच मास्टवर केलेला खर्च केबलमध्येच जिरतो. तिथे एलएमआर-४०० ही कमी शक्ती गिळणारी केबल किंवा त्याच तोडीची दुसरी घ्या, आणि तिचे वजन वरच्या टप्प्यावर न टाकता दर मीटरला वेल्क्रोने काठीला बांधा.

विजेच्या तारांपासून मास्ट इतका दूर हवा की तो अँटेनासह आडवा पडला तरी तारेपर्यंत आणखी ३ मीटर उरावेत. फायबरग्लासलाही हाच नियम, कारण केबल तांब्याचीच असते. ढग गडगडू लागायच्या आत मास्ट खाली आणि केबल सेटपासून सुटी. गडगडाट सुरू झाला असेल तर मास्टजवळ जाऊच नका. शेवटचा आवाज ऐकल्यावर अर्धा तास थांबा.

ऑर्डर देताना

अँटेनाचे नाव किंवा वजन, केबलचा प्रकार, पाया घ्यायच्या जागेचा एक फोटो, आणि मास्ट ठेवायच्या कप्प्याची आतली लांबी, एवढे कळवा. चौथी गोष्ट सगळे विसरतात. मिटलेला मास्ट कप्प्यापेक्षा पाच सेंटीमीटरने लांब निघाला की तो प्रवासभर पलंगावर झोपतो. हे चार तपशील आले की त्याच दिवशी योग्य संच सुचवतो, आणि बुटका मास्ट पुरणार असेल तर तोच सुचवतो.

सुटे क्लॅम्प, तळाच्या टोप्या, ताणदोऱ्यांच्या कड्या आमच्याकडे कायम असतात, जुन्या मास्टच्याही. मागवताना नळीचा बाहेरचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजा. टेपने घेतलेल्या मापात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात, आणि तेवढ्याने क्लॅम्प बसत नाही.