शेक रोज का घ्यायचा? गाठीतल्या पेशींचे निरोप

(किरणोपचारासाठी आमच्या गाडीने जाणाऱ्या रुग्णांसाठी व घरच्यांसाठी)

गुहागर, दापोली, खेडच्या वाड्यांतून आम्ही कर्करोगाच्या रुग्णांना शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायला नेतो. परतताना हमखास कुणीतरी विचारतं, "मशीनखाली चार-पाच मिनिटं झोपायचं, त्यासाठी रोज एवढी यातायात कशाला?"

शेक म्हणतात, पण तो गरम लागत नाही. किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. अशी पेशी विभागायला गेली की बहुधा मरते. मात्र गाठीतली पेशी एकटी नसते. शेजारच्या पेशीशी तिची अगदी बारीक वाटांनी देवाणघेवाण चालते, लांबच्यांना ती प्रथिनांमार्फत निरोप धाडते. किरण लागले की हे निरोप बदलतात. 1992 साली प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलं, की 1 टक्क्याहून कमी पेशींना किरण लागले, तरी सुमारे 30 टक्के पेशींच्या गुणसूत्रांत फरक पडला! मरणाऱ्या पेशींच्या निरोपाने शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होते. क्वचित, अगदी क्वचितच, शेक न दिलेली लांबची गाठही आक्रसते. त्या भरवशावर कुणी राहू नये.

सगळेच निरोप आपल्या बाजूचे नसतात. टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन प्रतिकारशक्तीला दाबून ठेवतं आणि आसपासचा भाग कडक करतं. तोंडाचा शेक घेणाऱ्यांना जबडा उघडण्याचा व्यायाम देतात, तो यासाठीच. कंटाळू नका.

आता मुख्य गोष्ट. तोंडाच्या आणि घशाच्या गाठीत, साधारण चौथ्या आठवड्यानंतर, उरलेल्या पेशी जास्त वेगाने वाढू लागतात. नेमका तेव्हाच माणूस थकतो, तोंड सोलवटतं, आणि घरात शिमगा नाहीतर गणपती आलेला असतो. "दोन दिवस राहू दे" हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकलंय. कृपा करून राहू देऊ नका. शनिवार-रविवारची सुट्टी वेगळी, ती आखणीतच धरलेली असते. तेवढ्यात चांगल्या पेशी सावरतात. पालखी दारात येणार असेल, तरी केंद्र चालू असेल त्या दिवशी आमची गाडी निघते. वेळ पुढे-मागे करून देऊ, फक्त आदल्या रात्री सांगा. खाडा झालाच, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

मिश्री मात्र आजपासून बंद.

आणि नातवंडांना जवळ बसू द्या. बाहेरून मशीनने दिलेले किरण अंगात उरत नाहीत.