टाइम-स्टेप आणि फ्रेम रेट: एकाच टायमरवर दोन्ही चालवले की काय बिघडतं

डेस्कटॉपवरच्या बऱ्याच सिम्युलेशन प्रोग्रामांत 'प्ले' बटणामागे एकच टायमर असतो: टायमर वाजला की मागच्या वेळेपासून गेलेला वेळ मोजायचा, तेवढी एक स्टेप गणित करायचं आणि चित्र काढायचं. दिसायला सुटसुटीत, पण यात टाइम-स्टेप (एका स्टेपमध्ये गणित किती वेळ पुढे जातं) आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं काढली जातात) एकमेकांना बांधले जातात. टाइम-स्टेप ठरवतात तुमची समीकरणं. फ्रेम रेट ठरवतो मॉनिटर.

1 किलोचं वस्तुमान, 10,000 न्यूटन प्रति मीटरची स्प्रिंग आणि अवमंदन (डॅम्पिंग) शून्य असं उदाहरण घ्या. कोनीय वारंवारता 100 रेडियन प्रति सेकंद. सेमी-इम्प्लिसिट ऑयलर ही स्टेपस्टेपने गती सोडवायची साधी पद्धत इथे 20 मिलिसेकंदांच्या आतच स्थिर राहते. सेकंदाला 60 फ्रेम असताना स्टेप 16.7 मिलिसेकंद, म्हणजे चालतंय असं वाटतं. प्रत्यक्षात वारंवारता सुमारे 18 टक्के जास्त येते. ही चूक जास्त धोक्याची, कारण चित्र छान हलत असतं. जुन्या लॅपटॉपवर फ्रेम रेट 30 वर आला की स्टेप 33 मिलिसेकंद होते आणि विस्थापन दर स्टेपला जवळजवळ 9 पट वाढत जातं. आरके-4 (रुंगे-कुट्टा ही जास्त अचूक पद्धत) लावूनही सुटका नाही, तिची मर्यादा 28 मिलिसेकंदांच्या आसपास आहे.

म्हणून स्टेप कायमची 1 मिलिसेकंद ठेवा. वारंवारतेतली चूक 0.04 टक्क्यांवर येते. प्रत्येक फ्रेमला गेलेला वेळ शिलकीत टाका आणि ती 1 मिलिसेकंदापेक्षा कमी होईपर्यंत स्टेप घ्या. उरलेला अंश पुढच्या फ्रेमला. वेळ मोजायला क्यूटीमध्ये (खिडक्या-बटणांचे प्रोग्राम लिहायची लायब्ररी) क्यूइलॅप्स्डटायमर वापरा, सिस्टिमचं घड्याळ मध्येच मागेपुढे होऊ शकतं. शिलकीला कमाल मर्यादाही हवी, समजा 0.25 सेकंद. नाहीतर मशीन एकदा मागे पडलं की प्रत्येक फ्रेमला आणखी जास्त स्टेप कराव्या लागतात आणि खिडकी गोठते.

गणित जड असेल तर ते वेगळ्या थ्रेडमध्ये (त्याच प्रोग्रामात समांतर चालणारं काम) न्या, पण तिथून विजेटला, म्हणजे खिडकीतल्या बटण-चित्रासारख्या घटकांना, हात लावू नका. क्यूटीच्या सिग्नलने (संदेश पाठवायची सोय) आकडे पाठवा, तेही दर स्टेपला नव्हे. शुद्ध पायथॉनच्या लूपला मात्र थ्रेडचा फारसा उपयोग नाही. जीआयएलमुळे (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणारं कुलूप) खिडकी तरीही अडखळते, तिथे वेगळी प्रोसेसच बरी.

वेगाचा स्लायडर दिलात तर त्याने दर फ्रेममागच्या स्टेपची संख्या बदलावी, स्टेपचा आकार नाही. आणि निकाल सीएसव्ही फाइलमध्ये साठवताना वेळेच्या रकान्यात सिम्युलेशनचा वेळ लिहा, फ्रेमचा क्रमांक नको.