‘अनलिमिटेड’ प्लॅन: काय अमर्याद, काय नाही

आमच्या फायबर कनेक्शनच्या प्रत्येक प्लॅनवर ‘अनलिमिटेड’ छापलेलं आहे. म्हणजे महिनाभर नेट बंद पडत नाही आणि जास्त वापरलं म्हणून बिल वाढत नाही. वेगाचं तसं नाही. ३३०० जीबी संपले की पुढच्या रिचार्जपर्यंत स्पीड २ एमबीपीएसवर येतो. यालाच एफयूपी (फेअर यूसेज पॉलिसी) म्हणतात. तेवढ्यावर व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआय चालतं. टीव्हीवर एचडी सिनेमा लावला की नुसतं चक्र फिरत बसतं.

३३०० जीबी म्हणजे दिवसाला ११० जीबी. एचडी सिनेमा तासाला साधारण ३ जीबी खातो, फोर-के ७. चौघांच्या घरात एवढा डेटा सहसा संपत नाही.

संपतो तो बहुतेक वेळा कॅमेऱ्यांमुळे. अपलोडही मोजला जातो, हे कुणाच्या डोक्यातच नसतं. २ एमबीपीएसने चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला २१ जीबीच्या वर पाठवतो, महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. दुकानात असे चार असले की २६०० जीबी तिथेच गेले. रेकॉर्डिंग डीव्हीआर (दुकानातच ठेवायचा रेकॉर्डर) किंवा मेमरी कार्डवर ठेवा. क्लाउडवर फक्त हालचाल टिपलेल्या क्लिप जाऊ द्या. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये तशी सेटिंग असते.

स्पीड कमी वाटला तर आधी आमच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक डेटा बघा. शिल्लक असेल तर लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून टेस्ट घ्या, वाय-फायवर नको. केबलवर स्पीड पूर्ण येत असेल तर लाइन ठीक आहे, मोबाइल वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या संथ बँडवर अडकलाय का ते पाहा आणि ५ गिगाहर्ट्झवर जोडा. २०० एमबीपीएसचा प्लॅन असून केबलवर आकडा ९४-९५ ला थांबत असेल, तर लॅन केबलमधल्या तारांची एखादी जोडी तुटलेली असते किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० एमबीपीएसचा असतो. अशा वेळी केबल बदलून बघा, मग तक्रार नोंदवा.

डेटा नव्याने सुरू होतो तो रिचार्जच्या तारखेला, एक तारखेला नव्हे.

लँडलाइनचे कॉल अनलिमिटेड आहेत, पण फक्त भारतात. परदेशी कॉलचे पैसे वेगळे लागतात. कनेक्शन शेजाऱ्यांना भाड्याने देता येत नाही. तसं आढळलं तर ते बंद होतं.