स्काउटिंगमधील संघपद्धती

संघपद्धती ही स्काउट आणि गाईड चळवळीत मुलांना घडवण्याची मूळ पद्धत आहे. पथकातील मुलामुलींचे साधारण सहा ते आठ जणांचे संघ केले जातात आणि प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक संघनायक व एक उपनायक असतो. संघात वेगवेगळ्या वयाची मुले मुद्दाम एकत्र ठेवतात. अकरा वर्षांचा नवखा आणि पंधरा वर्षांचा मुरलेला स्काउट एकाच चुलीवर स्वयंपाक करतात. स्काउटिंगने मुलांना शिस्त लागते, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. मुलांवर खरी जबाबदारी पडते आणि ती पार पाडताना ती मोठी होतात, हे या पद्धतीचे मर्म आहे.

चळवळीचे संस्थापक, ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल (१८५७–१९४१) यांना याचा प्रत्यय दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धातील मॅफेकिंग गावाच्या वेढ्यात (१८९९–१९००) आला. तिथल्या मुलांचे कॅडेट पथक निरोप पोचवण्यासारखी कामे चोख करत होते. पुढे ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. श्रीमंतांच्या शाळांतली आणि कामगार घरांतली मुले त्यांनी सरमिसळ करून बैल, लांडगा, डोमकावळा आणि कर्ल्यू (लांब चोचीचा एक पक्षी) अशा चार संघांत विभागली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट सोपी नव्हती. १९०८ मध्ये त्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक पाक्षिक भागांतून निघू लागले, तेव्हा ठिकठिकाणच्या मुलांनी आपणहून संघ काढले आणि मग मार्गदर्शन करायला एखादा मोठा माणूस शोधला. मुलीही मागे राहिल्या नाहीत. १९०९ च्या लंडनमधील मेळाव्याला त्या न बोलावता हजर झाल्या आणि १९१० मध्ये गर्ल गाईड संघटना उभी राहिली. संघपद्धतीची सविस्तर मांडणी रोलंड फिलिप्स या तरुण स्काउट कार्यकर्त्याने केली. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईत तो मारला गेला. आज जागतिक स्काउट संघटनेच्या सदस्य संस्थांत ५ कोटींहून अधिक सभासद आहेत.

शिबिरात तंबू उभारताना या पद्धतीचे काम जवळून दिसते. खुंट्या तिरप्या ठोकायच्या, ताणदोर सारखे ओढायचे, हे पुस्तकात वाचता येते. पण सुती दोर रात्री दवाने भिजले की आखडतात आणि खुंटी उपटून काढतात. म्हणून झोपण्याआधी ते थोडे सैल करायचे असतात. हे काम संघातल्या एकाला नेमून दिलेले असते. तो विसरला तर पहाटे तंबू सगळ्यांच्याच अंगावर येतो. कुणी शिक्षा करत नाही, गुण कापत नाही. सोबतचे सहा जण ओले होतात, एवढेच. पुढच्या रात्री त्याला आठवण करून द्यावी लागत नाही. सरपण, पाणी, स्वयंपाक, प्रथमोपचाराची पेटी अशी कामे याच रीतीने वाटलेली असतात आणि आळीपाळीने बदलतात.

संघनायकाचे काम सर्वांत अवघड. बरोबरीच्या मुलांकडून काम करून घ्यायचे, तेही अधिकाराचा बडगा न उगारता. रुसलेल्याला समजवायचे, धीम्याला सांभाळून घ्यायचे, स्वतः आधी भांडी घासायला बसायचे. पथकातले सगळे संघनायक ‘कोर्ट ऑफ ऑनर’ नावाच्या बैठकीत एकत्र बसून कार्यक्रम आणि शिस्तीचे प्रश्न ठरवतात. स्काउटमास्टर, म्हणजे पथकाचा प्रौढ मार्गदर्शक, तिथे असतो तो सल्ला द्यायला. मुलांचा बेत फसणार हे दिसत असूनही, धोका नसेल तर गप्प राहणे हे त्याचे खरे कौशल्य. अनेक पथके इथेच घसरतात: संघ नावापुरते उरतात, सगळे निर्णय मोठी माणसे घेतात आणि मुलांच्या वाट्याला फक्त संचलन येते.

नियम, वचन आणि प्रावीण्य पदके या पद्धतीला पूरक आहेत. पदकासाठी मुलांची आपसांत स्पर्धा नसते. प्रत्येक जण आपल्या गतीने पुढे जातो.

या साऱ्याचा परिणाम मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या सुमारे ९,६०० जणांच्या माहितीवरून एडिंबरा व ग्लासगो विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की लहानपणी स्काउट किंवा गाईड असलेल्यांना पन्नाशीत चिंता आणि मनोविकारांचा त्रास होण्याची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी कमी होती. गरीब घरांतून आलेल्यांना हा लाभ अधिक झालेला दिसला. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. तरी बालपणीच्या घरच्या परिस्थितीचा हिशेब धरूनही फरक उरला, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

मुले विश्वासाने मोठ्यांच्या हाती सोपवली जातात, त्यामुळे त्या विश्वासाचा घात झाला की नुकसानही तितकेच खोल होते. अमेरिकेतील बॉय स्काउट्स संघटनेने २०२० मध्ये लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांपोटी दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या प्रक्रियेत ८०,००० हून अधिक दावे दाखल झाले. एकही प्रौढ मुलासोबत एकटा असू नये, कार्यक्रमाला किमान दोन प्रौढ हवेत, असे नियम आता तिथे सक्तीचे आहेत. मुलांना मोकळीक द्यायची म्हणजे मोठ्यांवरची देखरेख सैल करायची, असा अर्थ कोणत्याही पथकाने काढू नये.

प्रौढांना हे सारे शिकवण्यासाठी लंडनजवळच्या गिलवेल पार्क येथे १९१९ पासून प्रशिक्षण सुरू झाले. त्यातून रूढ झालेल्या ‘वुड बॅज’ अभ्यासक्रमात प्रशिक्षणार्थींचेही संघ पाडतात आणि प्रत्येकाला पाळीपाळीने संघनायक व्हावे लागते.