नीळ: हौदातला रंग आणि रयतेवरची सक्ती

निळीच्या पानात निळा रंग नसतो. हिरव्या पाल्यात इंडिकन नावाचे रंगहीन द्रव्य असते. पाला पाण्यात बुडवून आंबवला की त्याचे विघटन होऊन साखर आणि इंडॉक्सिल वेगळे होतात, आणि इंडॉक्सिलचा हवेतील प्राणवायूशी संयोग झाला म्हणजे निळा रंग जन्माला येतो. हा रंग पाण्यात विरघळत नाही. या साध्या रसायनात पुढच्या बऱ्याच इतिहासाची कारणे सापडतात. कापलेला पाला साठवून ठेवता येत नसल्यामुळे हौद शेताजवळच बांधावे लागतात, आणि हौद ज्याच्या मालकीचा त्याची भोवतालच्या शेतांवर आपसूक पकड बसते. उलट वाळवलेली वडी वर्षानुवर्षे टिकते, थोड्या जागेत पुष्कळ किंमत सामावते आणि समुद्रप्रवासात खराब होत नाही. शंभर किलो ओल्या पाल्यातून अर्धा किलोसुद्धा नीळ हाती लागत नाही, हे लक्षात घेतले तर वडीची किंमत आणि तिच्यामागचे कष्ट या दोहोंचा अंदाज येतो.

रंगाऱ्याचे कौशल्य याच्या नेमके उलट दिशेने चालते. न विरघळणारी नीळ सूत पिऊ शकत नाही, म्हणून चुना किंवा राखेच्या क्षारयुक्त पाण्यात ती पुन्हा आंबवून तिच्यातला प्राणवायूचा परिणाम उलटवावा लागतो. तसे झाले की हौदातले पाणी पिवळसर हिरवे दिसू लागते. त्यात बुडवलेले कापड बाहेर काढताना पिवळट असते, हवा लागताच हिरवे होते आणि पाहता पाहता निळे होते. गडद छटा हवी असेल तर हीच बुडवणूक अनेकदा करावी लागते. तुरटीसारख्या रंगबंधकाची गरज पडत नाही. इतर वनस्पतिज रंगांच्या तुलनेत हा रंग उन्हापाण्याला चांगला टिकतो, आणि निळ्या रंगासाठी निसर्गात दुसरा असा पर्याय जवळजवळ नव्हताच.

हे तंत्र एका ठिकाणी शोधले जाऊन सर्वत्र पसरले असे मात्र दिसत नाही. पेरूच्या किनाऱ्यावरील वाका प्रिएता येथे सापडलेल्या सुती कापडाच्या तुकड्यांवरील नीळ सुमारे 6,000 वर्षांपूर्वीची आहे, आणि ती अमेरिका खंडातील झाडांची आहे. भारतात ज्या झाडाची लागवड झाली ते इंडिगोफेरा टिंक्टोरिया, युरोपात वोड, जपानमध्ये आणखी वेगळे रोप. या तीन वनस्पतींचे एकमेकींशी नाते फार दूरचे, तरी त्यांच्यातून मिळणारा रेणू एकच. प्राचीन भूमध्य जगात राजवैभवाचे चिन्ह ठरलेला, शंखांपासून काढलेला जांभळा रंगही रासायनिक दृष्ट्या निळीचाच भाऊबंद आहे. त्याच्या रेणूत ब्रोमीनचे दोन अणू तेवढे जास्त असतात.

संस्कृत अमरकोशात नीळ अनेक नावांनी येते. रोमन लोकांना ती भारतातून येते एवढे ठाऊक होते, पण ती कशी बनते याचा पत्ता नव्हता. रोमन लेखक प्लिनीने ती बोरूच्या फेसाला चिकटलेला गाळ असल्याचे लिहून ठेवले आहे. भेसळीबद्दल मात्र त्याची माहिती पक्की होती: कबुतराच्या विष्ठेला निळीचा रंग देऊन ती खपवली जाते, आणि खरी नीळ जाळली तर जांभळी ज्वाला निघते, असे तो सांगतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने कोल्लमच्या वर्णनात ती झाडापासून बनवतात हे नोंदवले, तरी युरोपातील गैरसमज पुढेही बराच काळ टिकून राहिला.

त्या काळी युरोपातले निळे कापड वोडवर रंगत होते, आणि फ्रान्समधील तुलूझ व जर्मनीतील एरफुर्ट ही शहरे त्याच व्यापारावर श्रीमंत झाली होती. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि आफ्रिकेला वळसा घालून येणारा समुद्रमार्ग खुला झाल्यावर भारतीय नीळ मोठ्या प्रमाणात तिकडे जाऊ लागली. रेणू तोच असला तरी भारतीय वडीत तो कितीतरी दाट होता, त्यामुळे वोडचा निभाव लागणे अवघड होते. वोडवाल्यांनी राजसत्तेकडे धाव घेतली. जर्मन साम्राज्याने 1577 मध्ये या कापड खाणाऱ्या सैतानी रंगावर बंदी घातली. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने 1609 मध्ये तो वापरणाऱ्यास देहान्ताची शिक्षा फर्मावली. बंदीची कारणे लोकहिताची सांगितली गेली, पण भीती बाजार जाण्याची होती हे उघड आहे. शेवटी बंदी हरली.

मुघल काळात आग्र्याजवळच्या बयाना आणि अहमदाबादजवळच्या सरखेज येथील निळीला मोठा लौकिक होता. इंग्रज आणि डच कंपन्यांच्या वखारी तिच्यासाठी एकमेकींशी स्पर्धा करत. 1633 मध्ये शाहजहानने निळीच्या खरेदीचा मक्ता मनोहरदास नावाच्या व्यापाऱ्याकडे दिला, तेव्हा मात्र या दोन्ही कंपन्यांनी एकी करून खरेदीच थांबवली आणि मक्ता थोड्याच काळात गुंडाळावा लागला. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने नीळ चाळणाऱ्या मजुरांविषयी लिहिले आहे की ते तोंडाला कापड बांधत आणि दूध पीत राहत, आणि त्यांच्याजवळ दिवसभर ठेवलेले अंडे संध्याकाळी फोडले तर आतून निळे निघे. अंड्याची गोष्ट कितपत खरी मानावी हा प्रश्नच आहे, पण त्या बारीक धुळीचा जाच तीतून कळतो. याच शतकात न्यूटनने वर्णपटाचे रंग मोजताना संगीताच्या सप्तकाशी मेळ घालण्यासाठी सात हा आकडा धरला, आणि निळा व जांभळा यांच्यामध्ये या व्यापारी मालाच्या नावाचा रंग बसवला. मराठी शालेय पुस्तकांतला पारवा तो हाच.

अठराव्या शतकात युरोपची गरज अमेरिकेतील गुलामांच्या श्रमावर भागू लागली. फ्रेंचांच्या सेंट-डोमिंग्यू या वसाहतीत (आजचे हैती) निळीचे मोठे मळे होते, आणि 1740 च्या दशकात एलिझा ल्यूकसच्या प्रयत्नांतून दक्षिण कॅरोलायनात हे पीक रुजले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाने इंग्लंडचा हा पुरवठा तोडला आणि 1791 पासूनच्या गुलामांच्या उठावाने सेंट-डोमिंग्यूचे मळे कोलमडले. मग ईस्ट इंडिया कंपनीचे लक्ष बंगालकडे वळले. 1788 मध्ये ब्रिटनमध्ये येणाऱ्या निळीत भारतीय निळीचा वाटा सुमारे 30 टक्के होता. 1810 पर्यंत तो 95 टक्क्यांवर गेला.

बंगालमध्ये गोऱ्या मळेवाल्यांची थोडीच लागवड स्वतःच्या ताब्यातील जमिनीवर होती. बहुतेक पीक रयतेकडून करवून घेतले जाई. शेतकऱ्याला दादन म्हणजे आगाऊ रक्कम देऊन त्याच्या उत्तम जमिनीच्या ठरावीक भागात नीळ पेरण्याचा करार लिहून घ्यायचा, पाल्याला कवडीमोल दर द्यायचा आणि हिशेब कधीच फिटू द्यायचा नाही, अशी ही रीत होती. कर्ज बापाकडून मुलाकडे जाई. नकार देणाऱ्याकडे लाठीवाले पाठवले जात. कारखान्यात मजूर कंबरभर पाण्यात तासन्‌तास उभे राहून वल्ह्यांनी हौद घुसळत. हिरवे पाणी निळे झाले की चुन्याची निवळी घालत, तळाशी बसलेला गाळ दाबून वाळवत आणि वड्या कापत. निळीने जमीन निकस होते अशी तक्रार सर्वत्र होती. पण नीळ शेंगावर्गातली वनस्पती आहे आणि हौदातून निघालेला चोथा बिहारमध्ये चांगले खत मानला जाई, त्यामुळे खरा दोष झाडापेक्षा कराराचा होता असे म्हणावे लागते. भाताला हवी असलेली जमीन आणि भाताच्या कामाचे दिवस नीळ खात होती.

1859 मध्ये नदिया जिल्ह्यातील चौगाछा गावी दिगंबर आणि विष्णुचरण बिस्वास यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी नीळ पेरायचे नाकारले, आणि ही ठिणगी भराभर इतर जिल्ह्यांत पसरली. मळेवाल्यांच्या माणसांना स्त्रियांनीही भांडीकुंडी घेऊन तोंड दिले. ‘हिंदू पेट्रियट’चे संपादक हरिश्चंद्र मुखर्जी यांनी रयतेची बाजू लावून धरली, दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे नाटक 1860 मध्ये आले, आणि त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना एक महिना कैद आणि 1,000 रुपये दंड झाला. 1860 च्या नीळ आयोगापुढे एका माजी न्यायदंडाधिकाऱ्याने साक्ष दिली की माणसाच्या रक्ताचा डाग न लागलेली निळीची एकही पेटी इंग्लंडला पोहोचलेली नाही. आयोगाने सक्तीची पद्धत दोषी ठरवली. बंगालमधला धंदा आटत गेला आणि त्याचा भर बिहारकडे सरकला.

तोवर जर्मनीत निळीच्या रेणूचा शोध चालू होता. आडॉल्फ फॉन बायर यांनी 1880 मध्ये कृत्रिम निळीची कृती साधली आणि 1883 मध्ये रेणूची रचना मांडली, पण ती कृती धंद्याला परवडणारी नव्हती. पुढे कार्ल हॉयमान यांनी वेगळा मार्ग दाखवला. त्यासाठी लागणारे थॅलिक आम्ल नॅप्थलीनपासून स्वस्तात काढणे हा अडसर एका तापमापकाने दूर केला: तो फुटून पारा मिश्रणात सांडला आणि अडलेली क्रिया वेगाने होऊ लागली. बीएएसएफ कंपनीने 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली. त्या वर्षी जगात सुमारे 19,000 टन वनस्पतिज नीळ तयार झाली होती. 1914 पर्यंत हे उत्पादन 1,000 टनांवर आले.

बिहारमधील चंपारण्यात याचा परिणाम विचित्र झाला. तेथे बिघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची ‘तिनकठिया’ सक्ती होती. निळीला भाव उरला नाही तेव्हा मळेवाल्यांनी कुळांना या सक्तीतून मोकळे करण्याचीच किंमत वसूल केली. कुठे वाढीव खंडाच्या रूपाने, म्हणजे ‘शरहबेशी’, तर कुठे ‘तावान’ नावाच्या एकरकमी भरपाईने. पहिल्या महायुद्धात जर्मन नीळ बंद झाल्यावर पेरणीचा आग्रह पुन्हा सुरू झाला. तेथील शेतकरी राजकुमार शुक्ल यांच्या आग्रहावरून गांधीजी एप्रिल 1917 मध्ये तेथे गेले. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीत त्यांनाही घेण्यात आले. समितीने तावानाचा चौथा हिस्सा परत करण्याची शिफारस केली, आणि 1918 च्या कायद्याने तिनकठिया संपली.

कृत्रिम निळीची आजची सर्वांत मोठी खपाची जागा म्हणजे जीन्सचे कापड. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, थराथराने वरवर बसते आणि आतला धागा पांढरा राहतो. वापराने कापड जिथे घासले जाते तिथे ते पांढरे पडते ते यामुळेच. रंग विरघळवण्याचे जे काम पूर्वी आंबवलेले हौद करत, ते कारखान्यांत सोडियम डायथायोनाइट हे रसायन करते आणि त्याचे सांडपाणी हा वेगळाच प्रश्न होऊन बसला आहे. जनुकांत बदल केलेल्या जिवाणूंकडून नीळ तयार करवून घेणे 1983 मध्येच साधले, पण कारखान्यांचा कच्चा माल मुख्यतः पेट्रोलियमजन्य रसायनेच राहिला.