वरचा पट्टा आणि मागची कडी

पुढे तोंड करून बसवायच्या चाइल्ड सीटच्या पाठीतून, वरच्या बाजूने, एक पट्टा निघतो. त्याच्या टोकाला हुक असतो. तो गाडीच्या मागच्या सीटपाठी असलेल्या कडीत अडकवून घट्ट ओढायचा. हाच टॉप टेदर. बडोद्यात आता कारेलीबागेपासून अलकापुरीपर्यंत चाइल्ड सीट दिसू लागल्या आहेत. कुणी इथे घेतलेली, कुणी परदेशातल्या लेकीने येताना आणलेली. पण हा पट्टा अनेकदा सीटमागे गुंडाळलेलाच राहतो, आणि नातवंडांसाठी एवढा खर्च करणाऱ्या घरात तो तसा पाहिला की जीव हळहळतो.

धडकेच्या क्षणी गाडी थांबते, पण फक्त खालून बांधलेली सीट वरच्या अंगाने पुढे झुकते आणि तिच्याबरोबर मुलाचं डोकंही. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड, मान कोवळी. वरचा पट्टा डोक्याचं हे पुढे जाणं साधारण १० ते १५ सेंटिमीटरने कमी करतो. छोट्या हॅचबॅकमध्ये मुलाचं कपाळ आणि पुढच्या सीटची पाठ यांत किती जागा उरते हे पाहिलं, तर ही अर्धी-पाऊण वीत किती मोलाची आहे ते कळतं.

सुरुवातीच्या चाइल्ड सीट मुलाला काचेतून बाहेरचं दिसावं आणि त्याने गाडीत धिंगाणा घालू नये एवढ्यासाठीच होत्या. जीव वाचवण्याच्या हेतूने केलेल्या सीट १९६२ च्या सुमारास आल्या, ब्रिटनमध्ये जीन एम्स यांची आणि अमेरिकेत लेनर्ड रिव्किन यांची. त्या दशकाच्या अखेरीस फोर्डने ‘टॉट-गार्ड’ आणि जनरल मोटर्सने ‘लव्ह सीट’ बाजारात आणली. (हीच जनरल मोटर्स पुढे आपल्या शेजारी हालोलला २०१७ पर्यंत गाड्या बनवत होती.) १९७१ मध्ये अमेरिकेने चाइल्ड सीटसाठी पहिला सरकारी नियम केला, पण त्यात धडक-चाचणी नव्हती.

सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन सीटना वरचा पट्टा होता. गाडीत कडी मात्र नव्हती. ती हवी तर मागच्या काचेखालच्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट ठोकायचा. नव्या गाडीला भोक पाडायला कोण धजावणार? बहुसंख्य आईवडिलांनी पट्टा तसाच सोडला. १९८१ मध्ये ताशी ४८ किलोमीटर वेगाची धडक-चाचणी सक्तीची झाली, तेव्हा सरकारने हे वास्तव पाहून ठरवलं की सीट पट्ट्याविनाच उत्तीर्ण झाली पाहिजे. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की कंपन्यांनी पट्टाच काढून टाकला आणि जवळजवळ दोन दशकं अमेरिकेतल्या बहुतेक सीट त्याच्याविना विकल्या गेल्या. लोक वापरत नाहीत म्हणून चांगली वस्तू काढून टाकणं मला पटत नाही, कारण वापरता येईल अशी सोयच त्यांना कुणी दिली नव्हती.

ऑस्ट्रेलियाने नेमकी तीच सोय केली. तिथे १९७६ पासून नव्या मोटारींत टेदरसाठी जागा ठेवणं बंधनकारक झालं आणि सीटला पट्टा असणं ही पहिल्यापासूनची अट राहिली. मागे तोंड करून बसवायच्या सीटनाही तिथे तो लागतो. कॅनडाने १९८९ मध्ये गाड्यांना तसा नियम लावला. अखेर अमेरिकाही वळली. १ सप्टेंबर १९९९ पासून तिथे चाचणीत मुलाचं डोकं किती पुढे जावं याची दुसरी, कडक मर्यादा आली. पट्ट्याविना ८१३ मिलिमीटर चालत होतं, पट्ट्यासह ७२० च्या आतच हवं. ती गाठायला जवळपास सर्वच कंपन्यांना पट्टा परत आणावा लागला. त्याच सुमारास गाड्यांत तयार कड्या आल्या, २००२ पर्यंत सीटचा तळ अडकवायच्या खालच्या दोन कड्याही. तरीही नंतरच्या पाहण्यांत निम्म्याच्या आसपास सीटचे पट्टे सुटेच आढळले.

युरोपातून आयसोफिक्स, म्हणजे सीट बेल्टऐवजी चाइल्ड सीट थेट गाडीला जोडायची पद्धत, आलं, आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९९९ मध्ये. सीटच्या तळाचे दोन हुक ‘खट्’ करून बसतात आणि काम झालं असं वाटतं. पण दोनच ठिकाणी धरलेली सीट त्या दोन बिंदूंभोवती फिरू शकते. म्हणून तिसरा आधार लागतो, एकतर वरचा पट्टा किंवा गाडीच्या तळाला टेकणारा पाय.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि एकदम आलं. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित केलेलं नसेल तर १,००० रुपये दंड आला. त्याच सप्टेंबरात गुजरात सरकारने सीट बेल्टसह काही दंड कमी केले, आणि गावभर चर्चा रंगली ती दंडाचीच. मूल गाडीत बांधायचं कसं, हे कुणी सांगितलं नाही. २०२३ मध्ये भारत एनकॅप, म्हणजे धडक-चाचणी घेऊन गाड्यांना सुरक्षेचे तारे देण्याचा कार्यक्रम, सुरू झालं. त्यात दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे बसवून मुलांच्या सुरक्षेला वेगळे तारे दिले जातात. आता आयसोफिक्सच्या गाड्या सर्रास मिळतात, मुलं मात्र अजून आजीच्या मांडीवर. अहमदाबादचा एक्स्प्रेसवे तर सोडाच, अमेरिकेच्या त्या चाचणीतला ताशी ४८ किलोमीटरचा वेग जुन्या पादरा रोडवरही सहज गाठला जातो.

कडी शोधायची ती गाडीचं माहितीपुस्तक उघडून. सेडानमध्ये ती बहुधा मागच्या काचेखालच्या फळीवर, झाकणाखाली असते. हॅचबॅकमध्ये सीटच्या पाठीमागे, डिकीच्या बाजूला. जवळ जहाजाच्या नांगराचं चिन्ह असतं. डिकीतले सामान बांधायचे हुक दिसायला तसेच, पण ते हा धक्का सोसण्यासाठी बनवलेले नसतात. पट्टा हेडरेस्टच्या वरून न्यायचा की खालून, हे सीटच्या पुस्तकात दिलेलं असतं. आधी खालचं घट्ट करायचं, मग वरचं ओढायचं. सीट बेल्टने बसवलेल्या चाइल्ड सीटलाही, तिच्या पुस्तकात तसं सांगितलं असेल तर, हा पट्टा लावायचाच असतो.